गच्चीवरचा पाइप आणि अर्धी मिशी

"बिल्डिंगमधला वास उम्म बदावीच्या लोणच्याचा नसला, तर माझी अर्धी मिशी भर गल्लीत उतरवा!" मी चहाचा ग्लास आपटून म्हणालो.

"अर्धीच का?" उस्ता वहीबने हुक्का बाजूला केला. वहीब आमच्या शुब्रा मोहल्ल्याचा जुना नळवाला; मुरलेल्या कारागिराला इथे उस्ता म्हणतात.

"पूर्ण उतरवली तर माणूस साहेब दिसतो. अर्धी उतरवली की गाढव."

"लागली पैज! मी हरलो तर माझी."

"तुझी आहेच कुठे? ओठावर चार मुंग्या बसल्यात नुसत्या."

सगळं कॉफीघर हसलं. हसवणं हा माझा जोडधंदा, पोटापाण्याचं म्हणाल तर मी इस्त्रीवाला. दुकान आमच्याच बिल्डिंगच्या तळाला. रमजानपासून तिथे घाण वास मारत होता. पहिल्या मजल्यावर उम्म बदावी, विधवा बाई, घरातच सलगम-लिंबाची पिंपं घालून लोणचं विकते. त्यावरच तिची चूल पेटते. जिना चढताना मी नाक धरून ओरडायचो, "कोण मेलं रे? सलगम मेला!" लोक खिदळायचे. खिदळता खिदळता ते खरं धरून बसले. घरमालक हाज्ज मुतवल्लीने तिला बजावलं, शुक्रवारपर्यंत पिंपं बाहेर, नाहीतर तूही बाहेर.

गुरुवारी दुपारी वहीब मला घेऊन तिच्याकडे गेला.

"ये, खमीस. नाक खालीच ठेवून आलास ना?" दार उघडत ती म्हणाली.

पिंपांची तोंडं फडक्यांनी करकचून बांधलेली. फरशी ओली. दिवसातून तीनदा धूत होती म्हणे. हाताच्या सालपटांवरून दिसतच होतं.

वहीबने पिंपांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ न्हाणीत गेला, जाळीत बादलीभर पाणी ओतलं.

"हुंग."

काही नाही.

"जाळीखाली पाइपला बाक आहे. त्यात पाणी साठून राहतं, तेच गटाराच्या हवेला कुलूप." मग खिडकीतून वर ओरडला, "चौथा मजला! संडासाची टाकी सोडा!"

वरून धो-धो पाणी कोसळलं आणि आमच्या पायाशी जाळी गुडगुडली, पोर उसाच्या रसाचा शेवटचा घोट ओढतं तशी. मग आला वास. तोच!

"पाणी पडताना मागून हवा लागते," वहीब म्हणाला. "गच्चीवरून मिळाली नाही, तर ते इथलं पाणी ओढून नेतं. कुलूप गेलं, गटार घरात."

"अगं बाई! जिन गुडगुडतोय म्हणून मी रोज बिस्मिल्ला म्हणतेय," उम्म बदावी म्हणाली.

"जिन नाही, हाज्जाबाई. वर कुणीतरी पाइपचं तोंड दाबलंय."

गच्चीवर कबुतरांची खुराडी आणि टीव्हीच्या छत्र्यांचं रान. खालून वर आलेल्या संडासाच्या जाड पाइपपाशी वहीब थांबला. पाइपच्या तोंडात दांडा, दांड्यावर छत्री, भोवती सिमेंट गच्च.

"छत्री कुणाची रे?"

माझीच. रमजानच्या मालिका बघायला मीच बसवलेली. एवढा दणकट पाइप नुसता उभा, वर पोकळ! दांडा आत अलगद बसला. हलू नये म्हणून सिमेंट कोंबलं. हुशारी केली असं वाटलेलं.

वहीबने छिन्नीने सिमेंट फोडून काढलं. मग हळूच म्हणाला, "खमीस, सांगू या, घरटं अडकलं होतं. पैज रद्द."

फुकटची थाप मी आजवर कधी सोडली नाही. पण विचार केला, वास दोन दिवसांत जाईल. माझे विनोद? ते त्या बाईच्या दाराला चिकटूनच राहणार. घरट्याची गोष्ट सांगून ते निघायचे नाहीत. तिच्याकडून लोणचं घेताना पुढची दहा वर्षं कुणीतरी नाक धरणारच.

"नको," मी म्हणालो. "हम्मूदा न्हाव्याला सांग, खुर्ची बाहेर काढ."

शुक्रवारची नमाज सुटली, तेव्हा मी गल्लीच्या मधोमध बसलेलो, अर्ध्या ओठावर फेस.

"हे काय सोंग?" हाज्ज मुतवल्लीने विचारलं.

"वास माझ्या छत्रीपायी होता, हाज्ज!" मी बोंबललो. "लोणच्याचा नव्हता! पाइप मी बुजवला!"

हाज्ज खाकरला. "बरं, मग... पिंपं राहू देत."

"मोठ्याने! पहिल्या मजल्यापर्यंत जाऊ दे!"

"राहू देत पिंपं!" हाज्ज ओरडला.

हम्मूदाने वस्तरा टेकवला. वर उम्म बदावी खिडकीत कोपरं टेकून उभी होती.

"थांब रे हम्मूदा!" ती ओरडली. "घाई कसली? चौथ्या मजल्यावरच्या बायका अजून उतरायच्यात!"