पाण्यातली परीक्षा

प्रणेशनं कॅमेरा विहिरीच्या कठड्यावरून खाली फरशीवर टाकला, उचलला, पुन्हा टाकला. एक ओरखडा, बस्स. कॅमेऱ्यांची पारख करून ती यूट्यूबवर सांगायची, हाच त्याचा धंदा. कंपनीनं दणकट आणि वॉटरप्रूफ म्हणून पाठवलेल्या या छोट्या डबीनं आतापर्यंत सगळा मार निमूट खाल्ला होता. राहिली होती पाण्यातली परीक्षा. त्यासाठी तो शहरातल्या देवराज मोहल्ल्यातून येलवाल गावी, बहिणीच्या विहिरीवर आला होता. याच विहिरीवर भावजींचा, म्हणजे अंबाजीरावांचा, पिण्याच्या पाण्याचे कॅन भरायचा कारखाना चालायचा. दोन वर्षं झाली, दर सोमवारी दोन कॅन प्रणेशच्या घरी फुकट यायचे. घरचा माणूस म्हणून.

त्यानं कॅमेऱ्याचा दिवा लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि नायलॉनच्या दोरीनं तो पाण्यात सोडला. दहा मिनिटांनी वर ओढला तेव्हा दोरीला काहीतरी बुळबुळीत लागून आलं. वास असा, की सकाळचं खाल्लेलं वर यावं.

चित्र मात्र लख्ख होतं. गाळ, एक चप्पल, आणि मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी फुगलेली घूस. मोटार पाणी ओढत होती, तसे तिचे सुटलेले केस जाळीत शिरत होते.

प्रणेशची सहा वर्षांची मुलगी पावनी वर्षात दोनदा काविळीनं पिवळी पडली होती. पाणी बदला, असं डॉक्टर म्हणाले होते. पाणी घरचं आहे, असं त्यानंच त्यांना ठणकावलं होतं.

"भावजी, हे बघा."

अंबाजीरावांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"अय्यो, कॅमेराच बरोबर नाही रे हा. काहीपण दाखवतंय."

"केस न् केस दिसतोय. मोटार बंद करा आधी."

"उद्या काढवतो, बिडो, सोड की. फिल्टर आहे की आपल्याकडे. लग्नाची ऑर्डर आहे, आज गाडी थांबवून कसं होतंय?"

कोडगेपणा म्हणतात तो हाच. घुशीची आली नव्हती एवढी शिसारी प्रणेशला त्या माणसाची आली. शेडमध्ये कॅन भरतच होते.

तो तडक घरात गेला आणि मोरीतल्या नळाखाली कोपरापर्यंत साबण लावून हात धूत राहिला. त्याची बहीण जयवंतीअक्का मागं येऊन उभी राहिली. खिडकीतून तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या हातात पाण्याचा पेला होता.

"पावनी बरी आहे नव्हे आता?"

पेल्याकडे बघून त्यानं तोंड फिरवलं.

"पी रे, सुम्ने पी, गपचूप," ती लहानपणी समजूत काढायची तशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "हे दुसऱ्या कंपनीचं आहे. विहिरीचं आमच्या घरात कुणीच पीत नाही."