भुंगा लागलेला पेटारा

"जाळून टाक," धनसिंग म्हणाला. "आज पेटाऱ्याले भुंगा लागला, उद्या घराच्या बांबूले लागन."

चंदाबाईने पेटाऱ्याखालची जमीन बोटाने पुसली. बोटाला पिवळसर पीठ लागलं. कान लावला तर आतून कुरकुर ऐकू येत होती.

"अन याडीले काय सांगू?"

याडी म्हणजे धनसिंगची आई, लालीबाई. तांडा केळापूरजवळ कायमचा वसायच्या आधी बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव फिरायचा, तेव्हापासूनचा हा, तिच्या सासूने विणलेला बांबूचा पेटारा. डोळे गेले तरी म्हातारी रोज त्याच्यावरून हात फिरवी. सुनेला मात्र तिने तो कधी शिवू दिला नव्हता. जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही दिवाळी. लालीबाई मारेगावला लेकीकडे गेली होती.

चंदाबाईने आतले कपडे उन्हात घातले, पेटारा डोक्यावर घेतला आणि नाला गाठला. वाहत्या पाण्यात तो बुडवून वर दगड ठेवले. भुंगा लागू नये म्हणून बुरूड लोक नवे बांबू असेच भिजत घालतात, हे तिने माहेरी पाहिलं होतं. जुन्या बांबूला ते सोसेल का, कोणास ठाऊक! रोज सकाळी ती बघायला जाई आणि धास्तावून परत येई.

काही दिवसांनी बाहेर काढला तेव्हा पोखरलेल्या कामट्या हातातच तुटल्या. तिने बांबूच्या नव्या कामट्या तासल्या, बोटं सोलवटून घेत विणल्या. पेटारा सावलीत वाळवला, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर दिला. करंजाचं तेल चोळत बसली होती, तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली.

लालीबाई ठरल्याआधीच परतली होती. चाचपडत ती सरळ कोपऱ्याकडे गेली. हाताला नुसती भिंत लागली.

"माहा पेटारा कुठी हाय?" तिचा आवाज फाटला. "जाळला ना तुमी?"

चंदाबाईने पेटारा तिच्यापुढे आणून ठेवला. म्हातारीने वास घेतला. झाकणाला कान लावून बराच वेळ ऐकलं; आत कुरकुर नव्हती. मग तिची बोटं विणीवरून सरकत गेली आणि एका जागी थांबली.

"हे कोनं इनलं?"

"म्या."

"मले न इचारता?"

"इचाराले वेळ कुठं होता, याडी? भुंगा काई थांबून राह्यला नव्हता."

लालीबाईने तीच जागा पुन्हा एकदा चाचपली.

"माह्या सासूची वीण याच्याहून ढिली होती," ती म्हणाली. "चाल, हात धर माहा."

सुनेचा हात धरून ती तांड्यात दारोदार फिरली. "ज्याच्या घरी भुंगा असन, त्यानं टोपल्या बाहीर काढा. माही सून दाखवते!"

दुसऱ्या दिवशी चंदाबाई घागरा खोचून नाल्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. काठावर टोपल्या, सुपं, डाली घेऊन बाया दाटल्या होत्या. आणि खडकावर बसून लालीबाई, दिसत काही नसताना, साऱ्यांना दरडावत होती, "गर्दी करू नका! चंदा सांगन तसंच करा."