वासुकी गेली

तंजावूरच्या त्या शाळेचा दहावीचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागायचा, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. नापास होईलसं वाटणाऱ्या मुलाच्या हाती नववीतच दाखला ठेवायचा, की झालं! खडे वेचून टाकल्यावर भात गोडच लागणार.

वासुकी असाच एक खडा ठरली. गणितात कच्ची होती, एवढाच तिचा गुन्हा. पहिलीपासून तिच्या शेजारी बसलेल्या विनुताला ते सहन होईना. विनुता शाळेच्या वार्षिक अंकाची संपादक होती. तिनं तमिळमध्ये लेख लिहिला, ‘माझ्या मैत्रिणीला शाळेनं घालवलं’. शाळेचे चालक कल्याणराम सर यांनी त्यावर आडवी रेघ मारली. “अंक घरोघरी जातो,” ते म्हणाले. “आपली धुणी धुवायचा घाट नाही तो.”

पण विनुताही काही कमी नव्हती. अंकात मातृभाषांचं एक पान असे. तेलुगू, उर्दू, सौराष्ट्री आणि मराठी. विनुताच्या घरी मराठी बोलत, पण नागरी अक्षरं कुणाला येत नसत. लिहायची वेळ आलीच तर तमिळ अक्षरांत लिहीत. तिनं त्याच अक्षरांत मराठी कविता लिहिली. शाळेत ती कळणार होती फक्त अंकाचं काम बघणाऱ्या वरलक्ष्मी मिसना, कारण त्याही घरी मराठीच बोलत.

मिसनी कविता वाचली आणि चष्मा काढून पदरानं पुसला. वर नाव होतं ‘वासुकी घालवली’.

“छान लिहिलीस गे,” त्या लाडानं, हळूच म्हणाल्या. “पण हा एक शब्द नको, कण्णा. उद्या सरांनी अर्थ विचारला तर मजला खोटं सांगता येणार नाही. ‘गेली’ कर. अर्थ तोच की.”

अर्थ तोच नव्हता, हे विनुतालाही कळत होतं. पण कविता तरी छापून येईल! तिनं एक शब्द बदलला.

कल्याणराम सरांनी नाव वाचलं आणि चक्क हसले. “थट्टेची कविता दिसते. असलंच लिहावं मुलांनी.” पान मंजूर झालं. सर कसे फसले, म्हणून विनुता घरी जाताना सायकलवर गाणं म्हणत होती. बिचारी!

अंक वाटला त्या दिवशी वर्गात हशा पिकला. “वासुकी केली! वासुकी केली!” मुलं बाकं बडवत ओरडत होती, आणि विनुतानं ते पान परत उघडलं. तमिळमध्ये क आणि ग यांना अक्षर एकच. ‘गेली’ लिहा, तमिळ माणूस ‘केली’ वाचणार. आणि तमिळमध्ये केली म्हणजे थट्टा. विनुतानं आणि मिसनी ते पान दहादा वाचलं होतं, पण घरच्या कानांनी. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती.

शनिवारी ती बस धरून पापनाशमला गेली. वासुकी आता तिथं मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायची. विनुताला पाहून ती उठली नाही. तिनं टेबलाखालून एक कागद काढून समोर ठेवला. तेच पान होतं.

“आपल्या शाळेच्या पोरी आल्या होत्या,” ती तमिळमध्ये म्हणाली. “वीस कॉपी काढून दे म्हणाल्या. मीच काढल्या. खालचा एकही शब्द कळला नाही मला. फक्त माझं नाव कळलं, आणि थट्टा.”

“थट्टा नाही गं! ते ‘गे’ आहे, ‘के’ नव्हे. आमच्या मराठीत गेली म्हणजे निघून गेली. तू नाहीस म्हणून मी रडत लिहिलंय.” विनुता आताही रडतच होती. तिनं सगळी कविता तमिळमध्ये उलगडून सांगितली.

वासुकीनं शेवटपर्यंत ऐकलं. तिचा चेहरा जरा निवळला, आणि विनुताला वाटलं, सुटले.

“निघून गेली?” वासुकी म्हणाली. “मी कुठं गेले, विनुता? दाखला हातात दिला तेव्हा मी फाटकाला धरून उभी होते. तू पाहिलंस. वॉचमननं बोटं सोडवली माझी.”

विनुतानं टेबलावरचं ते पान उलटं करून ठेवलं.

“घालवून दिलं, याला तुमच्या भाषेत शब्द नाही?”

“आहे.”

“काय?”

“घालवली.”

वासुकीनं तो म्हणून पाहिला. घ काही तिला जमला नाही. “गालवली,” ती म्हणाली. “हा छापला असता, तर कुणाला कळलाच नसता. आणि कुणी हसलंही नसतं.”

तेवढ्यात आधार कार्डाची कॉपी हवी म्हणून एक म्हातारा आला. वासुकीनं काचेवरचं झाकण उचललं, आणि विनुता परतीची बस येईपर्यंत तिथंच पायरीवर बसून राहिली.