पिवळा रंग

सळईची वेटोळी गोदामात आली की आधी बाबांपुढे यायची. एकेक दोन टनांचं. बाबा भोवती फेरी मारायचे, गंज, चीर, वाकलेलं टोक बघायचे आणि ब्रशचा एक फटकारा ओढायचे. हिरवा म्हणजे पहिली प्रत, पिवळा म्हणजे दुय्यम. गिऱ्हाइकानं परत पाठवलेला माल तर न बघताच पिवळा. मग चार पोलादी पट्ट्या आवळायच्या, चिठ्ठी लावायची, की वेटोळं निघालं बंदराकडे.

चिठ्ठ्या त्यांची मुलगी लिहायची. दोन वर्षांपूर्वी ती नवरा सोडून माहेरी आली, तेव्हा मुकादमानं तिला या कामावर घेतलं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी नवा ट्रकवाला म्हणाला, "मास्तर, ही तुमची लेक? हुशार दिसते."

"अक्षर बरं आहे," बाबा म्हणाले. "पण परत आलेला माल!" आणि हातातला ब्रश त्यांनी तिच्या बाहीवर ओढला. पिवळा.

सगळे खो खो हसले. मुकादमसुद्धा. तीही हसली. तिला सवय होती.

बाबांचे हात थरथरायला लागले होते, हे फक्त तिला ठाऊक होतं. पट्टी पुरती ताणली जायची नाही. सुट्टीत ते चहाला गेले, की ती ढिल्या पट्ट्या एकेक करून कापायची, नव्या आवळायची आणि कापलेल्या भंगारात टाकायची. बाबा परत येऊन पट्टीवर टिचकी मारायचे. "ऐका, वाजतेय कशी खणखणीत! आहे कुणाची टाप?"

त्या दिवशी सुट्टीत ती बाहेर पायरीवर बसली. बाहीवरचा रंग वाळेपर्यंत उठली नाही.

सुट्टी संपली. फोर्कलिफ्टचा दांडा वेटोळ्यात शिरला. ट्रकवाला बघत होता. बाबांनी टिचकी मारली. आवाज बद्द आला. त्यांनी दुसऱ्या पट्टीवर मारली, मग मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती चिठ्ठी लिहीत राहिली.

"उचल," बाबा म्हणाले.

पुरुषभर उंच गेल्यावर एक पट्टी सुटली, पाठोपाठ बाकीच्या, आणि दोन टन सळई उलगडली. बाबा समोरच उभे होते.

बाबांचं दहावं-बारावं उरकल्यावर आई मोरीत तिचा कुडता रॉकेलनं घासत होती.

"कसला गं हा डाग? जाता जात नाही."

"बाबांनी लावला."

"चुकून लागला असेल." आईनं बाही पिळली. "मुकादम म्हणाला, पट्ट्यांचं पोलादच खराब आलं होतं. नाहीतर यांच्या हातची पट्टी कधी सुटली का?"

ती दारात उभी होती.

"सुटली असती, आई. रोज सुटली असती. दोन वर्षं मी त्या बदलत होते. त्या दिवशी नाही बदलल्या." आईचा हात थांबला. "आणि बाबांनी टिचकी मारली तेव्हा पट्टी बद्द वाजली, तेही ऐकलं मी."