सतराव्या फेरीतला नमुना

वडिलांना दवाखान्यात ऑक्सिजन लावला, त्याच दुपारी ताईने आपल्या प्रयोगशाळेतले जुने अहवाल उघडले. प्रवासाहून आलेल्या धाकट्या भावाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "अगं, निगेटिव्ह आलोय मी!" आणि मग चार दिवस बाबांशेजारी बसून पत्ते कुटले होते.

त्याच्या नावापुढे पॉझिटिव्ह लिहिलं होतं. नमुन्यावर फक्त क्रमांक असतो, म्हणून तो तिच्याच हातून गेला तरी तिला कळलं नव्हतं. त्यात विषाणू इतका होता, की दर फेरीत त्याच्या खुणा दुप्पट करत शोधणाऱ्या यंत्राने तो सतराव्या फेरीतच पकडला होता. कमी असता, तर तिसावी उजाडली असती.

तिने फोन लावला. "तुला माहीत होतं?"

"साधी सर्दीच वाटली गं. कोंडून घेतलं असतं, तर नवी नोकरी हातची गेली असती."

"आणि बाबा?"

ज्याला तिने कडेवर वाढवलं, त्यानेच केसाने गळा कापला होता.

बारा दिवसांनी बाबा घरी आले. "धाकट्याने फार काळजी केली असेल, नाही?"

ताईने त्यांच्या पाठीशी उशी सारली आणि "हो" म्हणाली. भावाशी मात्र ती पुन्हा बोलली नाही.