टांग्यातली गवार

कार्ल्याची लेणी बघायला लोणावळ्याला उतरणारा माणूस मला शहाणा वाटत नाही. तिथले टांगेवाले त्याला सहा-सात मैल खडखडवत आणतात, वाटेत धूळ चारतात आणि भर दुपारी, लेण्यात अंधाराशिवाय काही दिसत नसताना, डोंगर चढायला लावतात. उतरायचं मळवलीला. स्टेशनाबाहेर चिंचेखाली टांगा उभा असतो, तो बहुतेक माझाच. सकाळी भाजे करायचं, कारण त्या लेण्यांचं तोंड मावळतीला आहे आणि सकाळभर तिथे सावली मिळते. दुपारी कार्ल्याच्या पायथ्याला झुंबरमावशीकडे जेवायचं आणि तिच्या आंब्याखाली तासभर आडवं व्हायचं. उन्हं कलली की मग कार्ला. चारनंतर सूर्य त्या मोठ्या कमानीतून आत शिरतो आणि थेट टोकाच्या स्तूपापर्यंत पोचतो. तेवढ्यासाठी लोकांनी विलायतेहून यावं, आणि काही येतातही.

हा सगळा दिवस मी बसवलेला आहे. कुठल्या टाक्याचं पाणी गोड, कुठल्या पायरीवर शेवाळ, इंद्रायणीत पोरांनी कुठे पाय बुडवावेत आणि कुठे बुडवू नयेत, हे माझ्याइतकं पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नाही. बायको म्हणते, तुमच्या जिभेला लगाम घातला तर घोडीला विश्रांती मिळेल. बदरुन्निसाचं बोलणं मी ऐकतो, पण नेहमीच ऐकतो असं नाही. त्याचीच ही गोष्ट.

विजेची आगगाडी सुरू होऊन चारपाच वर्षं झाली होती. पुण्याचे मेहेंदळे मास्तर दर हिवाळ्यात शाळेची मुलं घेऊन माझ्याकडे येत. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांचं कार्ड आलं. सुटी लागताच घरची माणसं घेऊन येतो, आईसुद्धा येणार आहे, सोवळ्याची कडक आहे, जेवणाचं कसं?

मास्तर एरवी साधा माणूस, पण पेठेत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी चांगलं म्हटलं की दहा बिऱ्हाडं मळवलीचं तिकीट काढत, आणि त्या दहा बिऱ्हाडांवर माझी घोडी आणि झुंबरमावशीची चूल दोन्ही चालत. त्यांची आई इथून उपाशी गेली असती तर ती दहा बिऱ्हाडं पुन्हा लोणावळ्याला उतरली असती. पण मला काळजी नव्हती. झुंबरमावशीची दशमी होती ना! भाकरीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळलं की ती दशमी. पाणी लागलं नाही म्हणजे विटाळाचं कारण उरत नाही. पुण्याची भली भली सोवळी माणसं ती प्रवासात खळखळ न करता खातात. मी उलट टपाली लिहिलं, 'दशमी पक्की. इब्राहिमचा शब्द.'

ठरल्या दिवशी पहाटे घोडी जुंपताना बदरुन्निसाने कोवळ्या गवारीची जुडी टांग्यात बैठकीखाली ठेवली. आमच्या परसातली गवार.

"झुंबरमावशीला द्या. इसरू नका, आजच लागनार हाय तिला."

"देतो, देतो," मी म्हटलं. आजच का, हे विचारलं नाही.

गाडीतून मास्तर उतरले, त्यांच्या दोन मुली उतरल्या आणि पाठोपाठ आजी. साठीची, ठेंगणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चेहरा असा की स्टेशनमास्तरही बाजूला झाला. मास्तरांचे वडील गुडघ्यांमुळे पुण्यालाच राहिले होते, सूनबाईंच्या चकल्यांवर नजर ठेवायला.

टांग्यात चढताना आजींना बैठकीखालची जुडी दिसली.

"ही गवार कुणाकडे चालली?"

"जिच्याकडं तुमचं जेवन हाय ना आजी, त्या झुंबरमावशीकडं. आन दशमीची काळजी करू नका. निव्वळ दुधातली. पान्याचा थेंब न्हाई."

आजींनी माझ्याकडे एकदा आणि गवारीकडे एकदा पाहिलं. "दुधातली? आज?" एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, रोजच असते. त्या नातींना वर चढायला हात देऊ लागल्या. मला वाटलं, बाईंचं समाधान झालं.

भाज्याला मी माझं सगळं ज्ञान पाजळलं. मुली खूश, मास्तर खूश. आजींनी मात्र केळं नाकारलं, घरून आणलेले लाडू नाकारले. टाक्याचं पाणी मुलींनी लोटीत भरून आणलं, ते घोटभर प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड आहे हो पाणी." तेवढंच काय ते माझ्या पदरात पडलं. मी मनात म्हटलं, ही म्हातारी माझ्यावर रुसली आहे की लेकावर?

परतताना वाटेत गुरं चरत होती. आजी त्यांच्याकडे मान वळवून वळवून बघत होत्या. मग अचानक त्यांनी विचारलं, "तिन्हीसांजेला आपण कुठे असू?"

हा प्रश्न मला फार आवडतो. "गाडीत!" मी छाती फुगवून सांगितलं. "पावनेसहाची गाडी. अंधार पडायच्या आत तुमी तळेगावच्या पल्याड. इब्राहिमचा शब्द."

आजींचा चेहरा पडला. मी तो बघितला आणि घोडीला चाबूक दाखवला. माणूस स्वतःच्याच हुशारीवर बसला की पुढचं काही दिसत नाही.

झुंबरमावशीच्या अंगणात टांगा शिरला तेव्हा दुपारचा एक झाला होता. अंगण नुकतं सारवलं होतं. दारात रांगोळीने गाईची पावलं काढली होती. तांबू गाय गोठ्याबाहेर बांधलेली, शिंगांना गेरू लावलेला, आणि वासरू मोकळंच, आईच्या आचळाला लागलेलं. एरवी या वेळी ते मावशी दाव्याला बांधून ठेवते. मुली उड्या मारत तिकडे धावल्या. मी माणसांना आंब्याखाली घोंगडीवर बसवलं, गवारीची जुडी घेतली आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो.

"मावशी, पाच दशम्या. लवकर. म्हातारी सकाळपासनं उपाशी हाय."

मावशीने चुलीवरून मान वर केली. "कशाच्या दशम्या?"

"कशाच्या म्हंजे? दुधाच्या!"

"आज? आरं इब्राहिम, शुद्धीवर हाय का तू? हातात गवार घिऊन हुबा राह्यलास आन दूध मागतूस? आज वसुबारस न्हवं का! आज गाईचं समदं दूध वासराचं. येक थेंब घरात न्हाई. बाजरीची भाकर आन गवार, हेच आज रांधायचं. बदरूला ठावं हाय, तुला न्हाई?"

माझ्या हातातली गवार एकदम शेरभर जड झाली. सगळे सण मला तोंडपाठ. एकवीरेची जत्रा कधी, पोळा कधी, कुठल्या एकादशीला कुठली गाडी भरून येते, सगळं. पण वसुबारसेला गाडी भरून येत नाही. ती बायकांची, गोठ्यातली, घरातल्या घरातली तिथी. तिने माझ्या धंद्याला कधी स्पर्शच केला नव्हता, म्हणून ती माझ्या डोक्यात नव्हती. आणि मी कार्डावर शब्द लिहून दिला होता.

"थांब," मी म्हटलं. "टेशनावरच्या हाटेलातनं दूध आनतो. म्हशीचं आसंल. कुनाला कळतंय?"

मावशी काही बोलायच्या आत मी निघालो. घोडी अशी पळवली की इंद्रायणीच्या पुलावर बायका ओरडल्या. पाऊण तासात लोटाभर दूध घेऊन परत आलो, तर मावशी दारातच उभी. लोटा तिने हातातही घेतला नाही.

"म्हशीचं आसू दे न्हाई तर आनि कुनाचं. दारात गाय पुजायची आन चुलीपाशी दुधात पीठ मळायचं, आसलं माज्या हातनं व्हनार न्हाई."

"मग म्हातारी उपाशी जाईल. मास्तर परत यायचे न्हाईत. मावशी, आपल्या दोघांच्या पोटाचा सवाल हाय!"

"जाऊ दे. खोटं वाढून पोट भरायचं आसंल तर ते तू टेशनावर भर." आणि पदर खोचून ती सरळ आंब्याखाली गेली. मी लोटा घेऊन मागे.

"आजी," ती म्हणाली, "इब्राहिमनं दशमी सांगितली व्हती, पर ती आज मिळायची न्हाई. आज वसुबारस. दूध वासराला सोडलंय. बाजरीची भाकर हाय, पान्यातली. गवार हाय. तुमाला आमच्या हातचं चालत नसंल तर चूल सारवून देते, पीठ देते, तुमी तुमच्या हातानं थापा. मी आत पाऊल ठेवनार न्हाई. पर दूध मागू नका."

मी जमिनीकडे बघत उभा. मास्तर कानकोंडे होऊन म्हणाले, "आई, आपण स्टेशनवर काही फळं…"

"दूध मागितलं कुणी?" आजी कडाडल्या. मग माझ्या हातातला लोटा त्यांना दिसला. "आणि हे रे काय?"

"दूध, आजी."

"कुणाच्या वासराचं?"

मी लोटा पाठीमागे घेतला. मावशी पदराआड हसली. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

आजी मास्तरांकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला. "वसुबारस मलाही आहे, विनू. तू पोटात होतास तेव्हापासून धरली आहे. एकोणचाळीस वर्षं झाली. दिवसभर उपास, संध्याकाळी गाय-वासरू पुजून सोडायचा. मुली हट्टाला पेटल्या, तुला तेवढी एकच सुटी. म्हटलं कशाला हिरमोड करायचा. यंदा मोडेल तर मोडेल."

"आई, अगं सांगायचंस ना!"

"सांगून काय? फराळाचा दिवस तुम्हाला अचूक आठवतो, त्याच्या आधीचा नाही." मग त्या मावशीकडे वळल्या. "सकाळी गवार बघितली आणि वाटलं, चला, एका घरी तरी बारस आहे. पण हा म्हणाला दशमी, दुधातली. मग म्हटलं, असल्या घरच्या गाईच्या पाया पडण्यात काय अर्थ? तुम्ही आज मला दशमी वाढली असतीत तर मी इथून चालत स्टेशन गाठलं असतं, बाई."

मावशीने तिथेच खाली बसून त्यांचा हात धरला. सोवळ्याचं कुणालाच आठवलं नाही.

आता सांगा, पावणेसहाची गाडी कोण पकडणार? मी पुढच्या, सात चाळीसच्या गाडीचं ठरवून टाकलं आणि माझाच शब्द मी मोडला. मुलींनी आणि मास्तरांनी पोटभर भाकरी खाल्ली. चार वाजता कार्ला चढताना उपाशी म्हातारी सगळ्यांच्या पुढे. लेण्यात सूर्य आत आला, खांबांवरून सरकत स्तूपावर गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "इब्राहिम, हे मात्र तू खरं सांगितलंस." दिवसभरात मला मिळालेली ती दुसरी शाबासकी.

तिन्हीसांजेला मावशीच्या अंगणात दोघींनी मिळून तांबूचे आणि वासराचे पाय धुतले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, ओवाळलं. आजींनी वासराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि डोळे पुसले. मास्तर लहान पोरासारखे बाजूला उभे होते. त्या दिव्याच्या उजेडात आपलं नाव घेतलं जातंय, हे त्यांना एकोणचाळीस वर्षांनी कळत होतं.

मग मावशी म्हणाली, "चूल सारवून ठिवलीया, आजी. पीठ, मीठ, गवार समदं काढून ठिवलंय."

आजी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. स्वच्छ चुलीकडे, पिठाच्या परातीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, पीठ बघतायत. मग त्या मागे फिरल्या आणि अंगणात भिंतीला टेकून खाली बसल्या.

"पाणी कुठलं वापरता?" त्यांनी विचारलं.

"भाज्याच्या डोंगरातलं जे तुमी पिलात, तसलंच. आमच्या डोंगराचं."

"एकोणचाळीस वर्षं या दिवशी भाकरी मीच थापली, मीच सगळ्यांना वाढली आणि उरलेली खाल्ली. आजच्या दिवशी मला कुणी पान वाढलेलं नाही." त्यांनी पदर सारखा केला. "वाढा झुंबरबाई. तुमच्या हातचंच वाढा. गवार जरा जास्त."

मावशी वाढत होती आणि त्या जेवत होत्या. तिसरी भाकरी त्यांनी मागून घेतली. मी टांग्याजवळ उभा राहून घोडीच्या तोंडाशी तो दुधाचा लोटा धरला, आणि मला रडू आलं. का आलं ते मी बदरुन्निसाला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्या सकाळीच सांगितलं व्हतं, आजच लागनार हाय."

पुढच्या वर्षीपासून कार्ड मास्तरांच्या अक्षरात येतं, पण बोलणं आजींचं असतं. 'वसुबारसेला येते. पेठेतल्या सहाजणी बरोबर आहेत. दूध नको. गाडी सात चाळीसची.'

मळवलीला उतरा, अजून सांगतो. भाजे सकाळी, कार्ला चारनंतर, पाणी टाक्याचं, जेवण झुंबरमावशीकडे. यातलं काही बदललेलं नाही. एकच बदललं आहे. टांगा हाकण्याआधी मी मागे वळतो आणि बसलेल्या बिऱ्हाडातल्या थोरल्या बाईला विचारतो, आज तुमचं काय आहे? आणि ती सांगून संपेपर्यंत गप्प बसतो.