डाव्या पायाचं लोखंड

आयव्हीच्या मांडीवरच्या पिशवीत, विणकामाच्या लोकरीखाली, नवऱ्याच्या डाव्या बुटाचं लोखंड होतं. ते शोधताना विल्फने सकाळी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं, आणि ही बाई साळसूदपणे चहा ओतत राहिली होती.

युद्धाआधीपासून विल्फ कोळशाची राख पसरलेल्या या मैदानावर शर्यतीत मोटारसायकल पळवत होता. गाडीला ब्रेक नाही. वळणावर डावा पाय जमिनीला घासत न्यायचा, म्हणून बुटाखाली लोखंडी तळ. जुन्या मोटारीच्या बंपरचा तुकडा ठोकून त्याने तो स्वतः घडवला होता. आजवर दोनदा खांदा मोडला, एकदा त्याच डाव्या पायाची मांडी. "आता मोडला तर पाय काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले होते. "हा शेवटचा मोसम," असं विल्फ गेली तीन वर्षं म्हणत होता. लोखंड नाही तर शर्यत नाही, असं आयव्हीने साधं गणित मांडलं होतं.

तेवढ्यात मेकॅनिक आर्थर धापा टाकत प्रेक्षकांतल्या तिच्या बाकापाशी आला.

"वहिनी, काळजी मिटली! तो दुसरा खेळाडू लेन आहे ना, त्याचं लोखंड मिळालं. दोन नंबर मोठं आहे, पण तारेने आवळलंय."

सैल लोखंड वळणावर निसटलं की पाय राखेत अडकतो, हे तिला आर्थरने सांगायची गरज नव्हती. आता पाय मोडला, तर तो तिने मोडलेला असणार. ती पिशवी छातीशी धरून धावत सुटली.

खेळाडूंच्या फाटकावर म्हातारा बॅगशॉ आडवा आला. "पोरी, बायका आत आल्या की अपशकुन होतो, ठाऊक आहे ना?"

"अपशकुन सकाळीच झालाय, काका. सरका बाजूला!"

विल्फ लाल हेल्मेट घालून बाकावर बसला होता. तिने त्याच्यासमोर गुडघे टेकले, तार सोडली, लेनचं लोखंड भिरकावलं आणि पिशवीतलं चढवलं. त्याला लोकरीचा धागा अडकला होता. तिने पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला.

"सकाळीच दिसलं होतं मला," तो हळूच म्हणाला. "तुझ्या पिशवीत."

"मग घर कशाला उलटंपालटं केलंस, मेल्या?"

"शोधलं नसतं तर मलाच शर्यत नकोय हे तुला कळलं असतं." त्याने ओठ ओले केले. "मला वाटलं, सुटलो. पण आर्थरने सगळ्यांसमोर दुसरं आणून दिलं. नाही कसं म्हणू?"

तिने वर पाहिलं. त्याने हातमोजे घट्ट मुठीत आवळून धरले होते. इतकी वर्षं भीती फक्त आपल्यालाच वाटते, अशी तिची समजूत होती. तिला स्वतःचाच राग आला.

"विल्फ, चल! बाकीचे तिघे सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिलेत!" आर्थर ओरडला.

आयव्हीने लोखंडाचा नुकताच आवळलेला पट्टा सोडवायला घेतला. बॅगशॉ बघत होता, आर्थर बघत होता. विल्फने पाय मागे घेतला नाही.